जुलैत अरुगम बे : सर्फिंग न करणाऱ्यांनी काय करायचं?

शेवंता_७
नमस्कार मंडळी. चिरंजीव चौदा वर्षांचे. सर्फिंगचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, त्यामुळे जुलैत श्रीलंका ठरलं आहे. कोलंबो, मग एला आणि शेवटी तीन-चार रात्री पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे. मुलगा पोहतो चांगला, पण तलावात. सोबत नवरा (समुद्र दिसला की आधी खुर्ची शोधणारा) आणि सासूबाई. त्या अडुसष्टच्या, पायांनी खुटखुटीत, शाकाहारी. जाऊबाईंचं म्हणणं, तिथे नुसते परदेशी आणि बिअर, म्हातारीला कशाला नेतेस, त्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंटोटाला जा. कुणी गेलंय का?

पाणकावळा
जाऊबाईंना प्रेमाने सांगा की जुलैत बेंटोटाचा समुद्र खवळलेला असतो. नैऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात, आणि मधल्या डोंगरांमुळे पूर्वेला बरंचसं कोरडं राहतं. अरुगम बेचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. आपल्याकडे छत्र्या उघडतात तेव्हा तिथे सर्फिंगच्या फळ्या बाहेर पडतात.

मी सर्फर नाही. बायको लाटांवर, मी दुर्बीण घेऊन झाडाखाली, असा आमचा संसार. त्यामुळे तुमचा प्रश्न खास माझ्यासाठीच आहे असं धरून चालतो.

गाव म्हणजे मुळात मच्छीमारांची वस्ती आणि एक लांबट रस्ता. शेजारचं मोठं गाव पोट्टुविल, बँक-बाजार सगळं तिथे. मुसलमान, तमिळ, सिंहली अशी मिश्र वस्ती आहे. पोहण्याचे कपडे वाळूपुरते, रस्त्यावर अंगभर, एवढं पाळलं की लोक फार मायाळू. २००४ च्या त्सुनामीत हा किनारा पार उद्ध्वस्त झाला होता. मोठ्या माणसांशी बोलताना तो विषय आपण काढू नये, त्यांनी काढला तर ऐकावं.

एलाहून वेल्लवाय, मोनरागलमार्गे गाडीने साधारण तीन-साडेतीन तास धरा. पोट्टुविलच्या अलीकडे लाहुगलचं जंगल आणि तलाव लागतो. कोरड्या दिवसांत तलावाचं पाणी उतरतं आणि गवत खायला हत्तींचे कळप येतात. तिथे उतरत्या दुपारी पोचाल असं बघा. रस्ता हत्तींचाच आहे, अंधारात तो करू नका.

खरा माल दक्षिणेला. पानम गाव, पुढे कुडुंबिगल नावाचा जंगलातल्या खडकांवरचा प्राचीन बौद्ध मठ, मग ओकंदा, आणि तिथेच कुमना राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. पूर्वी या उद्यानाला ‘याला पूर्व’ म्हणत, ‘याला’ हे शेजारचं प्रसिद्ध उद्यान. त्या नेहमीच्या ‘याला’सारखी जीपांची जत्रा इथे नसते. जुलैपर्यंत चित्रबलाक, चमचे, झोळीवाले या पक्ष्यांची वीण बघायला मिळू शकते, आणि नशीब असेल तर काळ्या मानेचा करकोचाही. बिबट्या दिसला तर चालकाला चहा पाजा, नाही दिसला तर त्याच्यावर डाफरू नका. पहाटे निघा, सगळ्यांना घेऊन.

सासूबाईंसाठी ओकंद्याचं मुरुगन मंदिर. उत्तरेकडून कतरगामला, मुरुगनच्या मोठ्या तीर्थाला, पायी जाणारे यात्रेकरू जंगलात शिरण्याआधी इथे मुक्काम करतात. कतरगामचा उत्सव जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतो, त्याआधी ही माणसं अनवाणी, डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली असतात. तारखा जुळल्या तर आपली वारीच आठवेल.

लाटेवरची_लीला
ताई, चिरंजीवांचं मी सांगते. मेन पॉइंटवर, म्हणजे गावाजवळच्या मुख्य लाटेवर, त्याला पहिल्या दिवशी अजिबात सोडू नका. लाट सुंदर आहे, उजवीकडे लांबच लांब सरकते, पण खाली खडक, त्यावर काटेरी सी अर्चिन, आणि जुलैत तुफान गर्दी. शिकायला बेबी पॉइंट, नाहीतर टुकटुकने (रिक्षाने) पीनट फार्म किंवा व्हिस्की पॉइंट. टुकटुकच्या टपावर फळ्या बांधायची सोय असते.

भाड्याने घेताना मोठी, जाड सॉफ्टटॉप (वरून मऊ असलेली फळी) घ्या. दुकानदार ‘मुलगा स्मार्ट दिसतो’ म्हणून छोटी फळी पुढे करेल, तरी नाही म्हणा. लांब बाह्यांचं रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट शर्ट) हवंच, नाहीतर पोट सोलवटतं. सकाळी लवकर वारा पडलेला असतो तेव्हा पाणी गुळगुळीत. दुपारी वाऱ्याने सगळं विस्कटतं. लाट ज्या टोकाला फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. हा नियम मोडला की लोक शिव्या देतात, आणि बरोबरच देतात. प्रवाहात ओढला गेला तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, फळी सोडायची नाही, हे घरीच पाठ करून घ्या.

एलिफंट रॉकवर सूर्यास्ताला सगळे जातात. तिथल्या खाजणात मगरी आहेत, थट्टा नाही. २०१७ मध्ये त्याच भागात एक ब्रिटिश पर्यटक दगावला. हात धुवायलासुद्धा त्या पाण्याशी जाऊ नका, आणि परतताना अंधार करू नका, वाटेत हत्ती असू शकतात.

शेवंता_७
दोघांचे आभार! मगरींचं वाचून नवरा खुर्चीला अधिकच चिकटला. पाणकावळा, एक अडचण आहे. मुरुगन म्हणजे कार्तिकस्वामीच ना? सासूबाई म्हणतात, बायकांनी त्यांचं दर्शन घ्यायचं नसतं. मग? आणि जेवणाचं?

पाणकावळा
आपल्याकडचा कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, म्हणून ती अट. तिथला मुरुगन दोन बायकांचा दादला आहे, देवयानी आणि वल्ली. यात्रेत बायकांची संख्या भरपूर असते. ओकंद्याला खडकावर वल्लीचं वेगळं देऊळही आहे. सासूबाईंना आधी वल्लीकडे न्या, तिची परवानगी घेतली की प्रश्न मिटला. (माझ्या सासूबाईंवर ही मात्रा चालली, हमी नाही.)

जेवणात इडिअप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) आणि डाळीची आमटी सगळीकडे मिळते, नारळाची पोल रोटीही. मात्र सोबतच्या पोल सांबोलमध्ये मालदीवच्या सुक्या माशाचा चुरा असतो. दिसायला ती आपली लाल खोबऱ्याची चटणी, म्हणून कुणी विचारतही नाही. ऑर्डर देतानाच तो नको म्हणून सांगा, भाज्यांच्या बाबतीतही.

खुर्चीवाल्यांसाठी पोट्टुविलचं खाजण. तिथले मच्छीमार होडीने खारफुटीतून फिरवतात, इंजिनाचा आवाज नाही, बसल्या जागी बगळे-खंड्या दिसतात. आणि त्यांना एवढं कानावर घाला की पौर्णिमेला श्रीलंकेत दारूविक्री बंद असते. जुलैची पौर्णिमा बघून तारखा ठरवा, कोणत्या बाजूने ते तुमचं तुम्ही.