मदत हवी आहे : सातभाईंच्या थव्यातील परके पिल्लू चातकाचे की पावशाचे?

नमस्कार. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ, सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याशी आमचे शेत आहे. बांधावरच्या बाभळी-बोरींमध्ये सातभाईंचा एक थवा बारमाही वावरतो. उडताना त्यांच्या शेपटीच्या कडेची पांढरी पिसे स्पष्ट दिसतात, त्यामुळे हे मोठे राखी सातभाई असावेत, याविषयी मला फारशी शंका नाही. शंका आहे ती सध्या त्यांच्यासोबत फिरणाऱ्या एका पिल्लाविषयी.

हे पिल्लू अंगाने सातभाईंच्या पिल्लांपेक्षा मोठे असून सतत केकाटत खाणे मागते. थव्यातील निदान तीन पक्षी त्याला आळीपाळीने किडे भरवतात आणि त्या वेळी एखादा उंच फांदीवर बसून शिक्रा हा शिकारी पक्षी येतो का, यावर लक्ष ठेवतो. सातभाईंमध्ये पिल्लांचे संगोपन केवळ आईबापांवर नसते, आधीच्या विणीतील मोठी झालेली भावंडेही त्यात हातभार लावतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे भरवणारे अनेक असल्याचे नवल नाही.

अडचण ओळखीची आहे. पावशा आणि चातक हे दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, दोघांचीही अंडी यजमानांच्या अंड्यांसारखीच निळी असतात, म्हणून यजमानावरून काहीच ठरत नाही. या पावसाळ्यात आमच्याकडे पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाळी आणि चातकाची शीळ दोन्ही भरपूर ऐकू आली. पावशाचे पिल्लू यजमानांची अंडी घरट्याबाहेर ढकलते, चातकाचे सहसा तसे करीत नाही, असे वाचले आहे. आमच्या थव्यात या पिल्लाबरोबर सातभाईंची दोन पिल्लेही आहेत, आणि यावरून माझा कल चातकाकडे झुकतो. मात्र ती दोघे याच घरट्यातील आहेत की आधीच्या विणीतील, हे मला सांगता येत नाही, आणि ती आधीच्या विणीतील असतील तर हा सगळा तर्कच कोसळतो.

चातकाच्या पंखावरील पांढरा पट्टा दिसला असता तर प्रश्नच मिटला असता. परंतु पिल्लू दाट बोरीत बसते, पंख मिटलेले असतात, आणि माझ्याकडील छायाचित्रे पाठीमागून, ढगाळ उजेडात घेतलेली आहेत. डोक्यावरची पिसे किंचित उभी दिसतात. तो तुरा आहे की पावसाने भिजलेली पिसे, हे समजत नाही. छातीवर पावशाच्या पिल्लासारखे गडद ठिपके आहेत का, हे एकाही छायाचित्रात दिसत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की, मिटलेल्या पंखांच्या आणि पाठमोऱ्या पिल्लात या दोघांतील फरक नेमका कशावरून ओळखावा. शेपटीवरील पट्टे पुरेसे विश्वासार्ह आहेत का? तसेच स्वतंत्र झाल्यावर असे पिल्लू थव्यातून आपणहून निघून जाते की सातभाई त्याला हुसकावतात, याचे प्रत्यक्ष निरीक्षण कुणी केले असल्यास तेही अवश्य लिहावे. शेजारचे एक काका ते पिल्लू थव्यापासून वेगळे करा म्हणतात; तसे मी करणार नाही.