भाच्याच्या फीचं रडगाणं

जुना_जर्सीकर:
शेवंतीताईंच्या कालच्या धाग्यावर प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात: भाचा भारतातून येऊन वर्षभर त्यांच्याकडे अमेरिकेत राहून पब्लिक म्हणजे सरकारी हायस्कूलला जाणार होता, तर डिस्ट्रिक्टनं, म्हणजे गावातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळानं, २२ हजार डॉलर मागितले. ‘रिकाम्या बाकावर एक पोर बसलं तर यांचं काय जातं? आपला रंग बघून लुटतात.’

ताई, हे डिस्ट्रिक्टच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. १९९६ साली इमिग्रेशन कायदा बदलला, तेव्हापासून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येणाऱ्याला दर मुलामागचा पूर्ण खर्च भरावाच लागतो. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, सुपरिंटेंडेंटला, कितीही दया आली तरी त्याला तो माफ करता येत नाही. तेही फक्त हायस्कूल आणि जास्तीत जास्त १२ महिने. आठवीपर्यंतच्या पब्लिक शाळेत एफ-१ वर प्रवेशच नाही. म्युनिकच्या पोराला हाच नियम, मिरजेच्या पोराला हाच. रंग कुठून आला यात?

आणि तो रिकामा बाक! माझी मुलं शाळेतून बाहेर पडून १५ वर्षं झाली. तरी दर तीन महिन्यांनी प्रॉपर्टी टॅक्सचा चेक फाडतो, त्यातला साधारण निम्मा शाळेला जातो. शेजाऱ्यांच्या मुलांसाठी भरतो, कुरकुर नाही. पण तिकडे बसून पोराला वर्षभर इंग्रजीचं पॉलिश मारून घ्यायला धाडणाऱ्या बापासाठीही मीच भरायचं?

शेवंती:
पॉलिश? माझ्या बहिणीची किमो चालू होती. घरात दोघंच, ती आणि पंधरा वर्षांचं पोर. माहिती नसताना माणसं किती सहज लिहितात!

आणि तुमचा तो सगळ्यांना सारखा नियम. आमच्याच रस्त्यावर इटलीची मुलगी जे-१ वर, म्हणजे एक्स्चेंज व्हिसावर, आली. तीच शाळा, फी शून्य. तिचे वडील कुठला टॅक्स भरतात हो इथे?

जुना_जर्सीकर:
बहिणीचं माहीत नव्हतं. पॉलिश मागे घेतो.
जे-१ ला फीची फेडरल म्हणजे केंद्राची सक्ती नाही, डिस्ट्रिक्ट आपलं ठरवतं. तो मुद्दा तुमचा. फक्त तेवढाच.

जुगाडू:
एवढी डोकेफोड कशाला? गार्डियनशिपचा कागद करायचा, घरचा पत्ता द्यायचा. शाळा व्हिसा विचारत नाही.

कायद्याचं_बोला:
शाळा विचारत नाही, पुढच्या वेळी कॉन्सुलेट विचारतं. टूरिस्ट व्हिसावर आणून शाळेत घालणं हा नियमभंग आहे. एफ-१ वर प्रायव्हेट शाळेत आणून मागाहून पैसे न भरता पब्लिकमध्ये सरकवलं, तर पाच वर्षं देशाबाहेर. असले सल्ले देणारे स्वतः ग्रीनकार्ड खिशात घालून बसलेले असतात.

भाडोत्री:
मला मूळ प्रश्नात रस नाही, पण ‘मी टॅक्स भरतो’ हे वाक्य वाचलं की डोकं फिरतं. अकरा वर्षं अपार्टमेंटमध्ये राहतोय, मुलगी पब्लिक शाळेत. पॉटलकमध्ये एका घरमालक काकांनी मला तोंडावर विचारलं होतं, ‘तुमची मुलगी आमच्याच पैशांवर शिकते ना?’ घरमालक टॅक्स काय स्वतःच्या खिशातून भरतो? दरवर्षी भाडं वाढवताना हेच तर कारण सांगतो.

जुना_जर्सीकर:
भाडं बाजार ठरवतो, टॅक्स नाही. बिल माझ्या नावावर येतं.

भाडोत्री:
मग राज्य सरकार वेडं आहे का? न्यू जर्सीच्या अँकर या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीच्या योजनेत घरमालकांबरोबर भाडेकरूंनाही ४५० डॉलर देतात. ते कशाबद्दल, दिवाळीचा बोनस?

जुना_जर्सीकर:
आणि मालकांना हजार-दीड हजार का, त्याचाही विचार करा.

भाडोत्री:
म्हणजे आम्ही भरतो, कमी भरतो एवढंच. लिहा तसं.

टेक्सासची_मिरची:
तुमचं भाडं-घर आवरलं असेल तर बोलते. टॅक्सवरच हक्क ठरवायचा तर हा वाद टेक्सासमध्ये होऊन गेलाय. १९७५ च्या कायद्यानं इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचे पैसे राज्यानं थांबवले, मग टायलर डिस्ट्रिक्टनं अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागितले. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते मोडीत काढलं. म्हणजे विनाकागद आलेलं मूल फुकट आणि रीतसर व्हिसा काढून आलेलं २२ हजार. सरळ वागणाऱ्याच्याच गळ्याला फास.

कायद्याचं_बोला:
ती मुलं इथेच राहणार होती, आईबापांच्या चुकीची शिक्षा त्यांना नको, असा तो निकाल. शेवंतीताईंचा भाचा वर्षानं परत जाणार होता. दोन्ही एका तागडीत घालू नका.

टेक्सासची_मिरची:
इथेच राहणाऱ्यांचं म्हणता? माझा मुलगा चार वर्षांचा असताना एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आला. केजीपासून बारावीपर्यंत फुकट, कारण ‘इथलाच’. कॉलेजची वेळ आली आणि एका सरकारी विद्यापीठानं त्याला इंटरनॅशनल ठरवून तिप्पट फी लावली. २१ व्या वर्षी एच-४ ही संपणार. चौदा वर्षं टॅक्स भरला मी, काका, तुमच्याइतकाच!

जुना_जर्सीकर:
हे मात्र अन्यायाचं आहे. यावर वाद घालत नाही.

शेवंती:
वा! सूर्य पश्चिमेला उगवला.

जुना_जर्सीकर:
ताई, टोमणा पोचला. बहिणीची तब्येत कशी आहे आता?

शेवंती:
किमो संपली. भाचा तिकडेच राहिला, दहावीचा अभ्यास करता करता कुकर लावायला शिकला. फी मात्र मला अजून चुकीचीच वाटते.

भाडोत्री:
आणि भाड्यात टॅक्स असतो, हे अजून कोणी लिहिलेलं नाही. मी इथेच आहे.