बोहल्यावरून पळालेली एली: निर्णय तिचा की वडिलांचा?

प्रश्न

फ्रँक काप्रा यांचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ परवा पुन्हा पाहिला आणि शेवटच्या लग्नाच्या प्रसंगाशी मन अडून राहिले. एलीने (क्लॉडेट कोल्बेर) वडिलांना न जुमानता किंग वेस्टली या वैमानिकाशी लग्न केलेले असते. वडील तिला बोटीवर डांबतात, ती थेट पाण्यात उडी घेते आणि न्यूयॉर्कच्या बसमध्ये तिची पीटर या बातमीदाराशी (क्लार्क गेबल) गाठ पडते. पुढे वडील नमते घेतात, समारंभाने लग्न लावायचे ठरते आणि ज्याच्यासाठी तिने घर सोडले त्याच्याच शेजारी ती उतरलेल्या चेहऱ्याने उभी राहते. तिकडे चालत जाताना वडीलच कानाशी लागून सांगतात की मागे गाडी तयार आहे. मग पळून जाण्याचा निर्णय तिचा म्हणावा की वडिलांचा?

प्रतिसाद १

माझ्या मते पूर्णपणे तिचा. वडिलांनी तिच्या शोधासाठी जाहीर केलेल्या दहा हजार डॉलरच्या इनामासाठी पीटर आपल्याला सोडून गेला, अशी तिची समजूत झालेली असते. प्रत्यक्षात त्याने वडिलांकडे फक्त ३९ डॉलर ६० सेंट मागितलेले असतात, आणि तेही हिशेबाचा कागद पुढे ठेवून: रोख खर्च ८.६०, विकलेला कोट १५, सूटकेस ७.५०, टोपी ४, तीन सदरे ४.५०. वडील तिच्या कानात हेच सांगतात. तिच्यापासून दडून राहिलेली गोष्ट तिला कळते, एवढेच. पाद्री संमती विचारतो तेव्हा मान हलवून नकार देते ती स्वतः, आणि हिरवळीवरून धावत सुटते तीही स्वतःच.

प्रतिसाद २

याच कथेवरचे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) आपल्याकडे अनेकांनी पाहिले असतील. दुसऱ्यात अनुपम खेर यांनी रंगवलेला बाप मुलीला पळून जा म्हणून अक्षरशः गळ घालतो. तो प्रसंग मला मनापासून आवडतो. तरी मूळ चित्रपटात वॉल्टर कॉनोली ज्या हलक्या आवाजात बोलतात, त्यामुळे मुलीला विचार करायला जी जागा मिळते, ती हिंदीत उरत नाही.

प्रतिसाद ३

मला त्या घोंगडीविषयी लिहायचे आहे. मुक्कामाच्या खोलीत पीटर दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधतो, तिच्यावर घोंगडी टाकतो आणि तिला ‘यरीहोची तटबंदी’ म्हणतो. बायबलमध्ये ती तटबंदी रणशिंगांच्या नादाने कोसळते. मराठी प्रेक्षकाला मात्र तिथे अंतरपाटच दिसतो. लग्नाचे सारे विधी वेस्टलीबरोबर मांडले जातात, पण अंतरपाट धरला गेलेला असतो तो पीटर आणि एली यांच्यामध्ये, आणि तो दूर होईपर्यंत दोघेही आपापल्या बाजूला थांबतात. म्हणूनच शेवटी काप्रा त्या दोघांचे चेहरेसुद्धा दाखवत नाहीत. वेस्टलीशी झालेले लग्न रद्द ठरल्यावरच खोलीतून खेळण्यातल्या तुतारीचा आवाज येतो, घोंगडी खाली पडते आणि दिवा मालवतो.

मूळ प्रश्नकर्ता

अंतरपाट मला सुचला नव्हता. आज रात्री शेवटची वीस मिनिटे पुन्हा पाहतो.