पाककला स्पर्धेत मूलनिवासी शेफ: प्रतिनिधित्व की तडजोड?

अमेरिकेतील ‘चॉप्ड’ या दूरचित्रवाणीवरील पाककला स्पर्धेत दिलेल्या टोपलीतले जिन्नस वापरून पदार्थ करायचा असतो; पहिल्या फेरीला 20 मिनिटे मिळतात आणि टोपलीतून कोणते जिन्नस निघतील हे स्पर्धकाला आधी ठाऊक नसते. अशा ठिकाणी मूलनिवासी शेफने आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओजिब्वे लोकांचा मनोमिन, म्हणजे तळ्यातला जंगली तांदूळ, होडीतून जाऊन काठ्यांनी झोडून गोळा करतात, मग वाळवतात, भाजतात, पायांनी तुडवून पाखडतात. या अन्नाचे मोल या सगळ्या खटाटोपात आहे आणि नेमका तोच परीक्षकांच्या बशीत दिसत नाही.

प्रतिसाद १: मला हे मान्य नाही. गहू वापरणाऱ्या स्पर्धकाला पेरणी-कापणी दाखवायला कोणी सांगत नाही, मग ही अट मूलनिवासी शेफलाच का? किकापू समाजातील क्रिस्टल वाहपेपा ‘चॉप्ड’मध्ये उतरल्या आणि पुढे त्यांनी ओकलंडमध्ये स्वतःचे उपाहारगृह काढले. लाकोटा शेफ शॉन शर्मन यांच्या मिनिआपोलिसमधील ‘ओवाम्नी’ या उपाहारगृहालाही 2022 साली जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतील पाकक्षेत्राचा मानाचा पुरस्कार मिळाला, म्हणजे परीक्षकांना ही चव कळतच नाही असे नाही.

मूळ लेखक: ‘ओवाम्नी’चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. गव्हाचे पीठ, दूध, उसाची साखर स्वयंपाकघरात येणार नाही, हे तिथे शर्मन यांनी स्वतः ठरवले. स्पर्धेत मात्र टोपली ठरवते. 1864 साली अमेरिकी सैन्याने नवाहो या मूलनिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडोच्या छावणीत हाकलत नेले आणि सरकारी शिध्यात पीठ व चरबी दिली. त्यातून तळलेली ‘फ्राय ब्रेड’ आली, असे सांगितले जाते. टोपलीत मैदा निघाला तर शेफने तीच करून तिला परंपरा म्हणायचे का?

प्रतिसाद २: म्हणावे, असे मला वाटते. कित्येक घरांत ती आजीच्या हातची आठवण आहे, आणि उपासमारीत तगून राहण्याचा इतिहास सोवळेपणापायी पुसून टाकणे मला क्रूर वाटते.

प्रतिसाद १: आणि टोपलीचे नियमही बदलता येतात. विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि 2024 साली प्रसारित झालेल्या ‘टॉप शेफ’ या पाककला स्पर्धेच्या एका भागात शर्मन आणि हो-चंक समाजातील एलेना टेरी पाहुणे होते. तिथे गहू, दूध, साखर आदी बाहेरून आलेल्या जिन्नसांनाच मनाई होती.

मूळ लेखक: नियम त्या समाजाच्या सल्ल्याने ठरत असतील तर माझा विरोध उरत नाही, परंतु तो सल्ला एका भागापुरता न राहता संपूर्ण हंगामभर घेतला जावा.