अनुभव धागा: ऑफिस, साइट आणि वर्ग

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आर्किटेक्टचं ऑफिस चालवत कॉलेजात शिकवणारे इथं बरेच आहेत. साइटवर कळलेलं वर्गात कितपत नेता आलं, लिहा. फजितीला प्राधान्य!

सुरुवात माझी. दहा सेमिस्टर शीटवर 'लिव्हिंग' लिहिलं. शहापुरातल्या पहिल्याच घराच्या नकाशावर आजींनी बोट ठेवलं, "सोपा कुठाय ओ बाई ह्यात?" सोपाच, म्हणजे घराची पुढची बैठकीची जागा, नव्हता. आता पहिल्या वर्षाला सांगते, आधी आपल्या घरातल्या खोल्यांची घरात बोलतात तीच नावं लिहा.

खानापूरहून
जांभ्याची जुनी भिंत होती. मी सिमेंटचा गिलावा सांगितला. गौंडीमामा म्हणाले, "साहेब, चुनाच मारूया. भिंतीचा दम कोंडंल." मी बांधकामाचा कोड (नियमावली) ऐकवला. पुढच्या पावसाळ्यात आतून पोपडे! जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. ती वाटच मी बंद केली होती. दुरुस्ती माझ्या खिशातून झाली, ते सोडा. पुढं मामांना वर्गात नेलं, चुना कसा मळायचा ते दाखवायला. पाहुण्या व्याख्यात्याच्या फॉर्मवर 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना. मी लिहिलं, '४० वर्षं'.

निपाणीहून
"प्लॅनला पैसे कसले? कागदच की!" हे ऐकत पहिली पाच वर्षं गेली. १९७२ च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' हे नाव राखलंय, खरं नकाशा काढायला कुणाला बंदी नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. मग ऑफिसचं भाडं कॉलेजच्या पगारातून. शिकवायची आवड वगैरे नंतर लागली.

बेळगावहून
शिकवणं इंग्रजीत, घरमालकाशी मराठी, सेंटरिंगवाल्यांशी कन्नड. माझं कन्नड बाजारापुरतं. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब, टेकू १४ दिवस ठेवायचे. नवव्या दिवशी मुलांना साइट दाखवायला गेलो, तर माणसं टेकू काढायला वर चढलेली. प्लेटा दुसऱ्या साइटला हव्या होत्या. मला शब्दच सुचेना. गोकाकचा एक विद्यार्थी मागून ओरडला, "तेगीब्याड्री!" काढू नका. व्हायव्हात त्याला एक प्रश्न कमी विचारला. (चुकलंच, खरं कमीच विचारला.)

पुन्हा बेळगावहून, दुसरी
किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ मधलं. मुलं छताचं कमळ मोजायला लेसर मीटर घेऊन आली. पाकळ्या कुणाच्या ७०, कुणाच्या ७४. शेवटी एक पोरगी फरशीवर उताणी झोपली, बोटं मोडत मोजत गेली. ७२ भरल्या. मग सगळी रांगेत आडवी. पहारेकऱ्याला वाटलं, पोरांना भोवळ आली.

खानापूरकर, मामांचा फॉर्म पास झाला का?

खानापूरहून
झाला की. मानधन आठ महिन्यांनी आलं. तोवर मामांनी माझ्याकडं दोनदा चौकशी केली, आणि दोन्ही वेळा चहाचे पैसे त्यांनीच दिले.