जपानी नुसते चीनमधून आलेले नाहीत

कोणीतरी लिहिलंय की जपानी म्हणजे चीनमधून गेलेलेच लोक, पण ते इतकं सरळ नाहीये हो. त्या बेटांवर आधी हजारो वर्षं जोमोन लोक राहायचे, शिकार-मासेमारी करणारे, आणि त्यांची मातीची भांडी जगातल्या सगळ्यात जुन्या भांड्यांपैकी! मग कोरियाच्या बाजूने भातशेती घेऊन यायोई लोक दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर उतरले आणि दोघं मिसळले. २०२१ च्या डीएनए अभ्यासात तर त्यानंतरच्या कोफुन काळात (साधारण इ.स. तिसरं ते सातवं शतक) आलेला लोकांचा तिसरा प्रवाहही दिसला. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या ऐनू लोकांमध्ये आणि पार दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवर जोमोन अंश जास्त टिकलाय, आणि ऐनूंना मूळ रहिवासी म्हणून कायद्यात मान्यता मिळायला २०१९ उजाडावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटतं. जपानी भाषातज्ज्ञ सुसुमु ओनोंनी मांडलेलं तमिळ-जपानी भाषांचं नातं मात्र बहुतेक भाषातज्ज्ञ मानत नाहीत.