एन-४ नंतर थेट एन-२? जरा दमानं घ्या

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी जुलैत झाली आणि मधली एन-३ सोडून डिसेंबरात थेट त्यावरची एन-२ देतो म्हणताय, तर जरा दमानं, मी एन-३ लाच असल्या घाईत तोंडावर आपटलोय. तिथे पास व्हायला १८० पैकी ९५ लागतात पण नुसते तेवढे पुरत नाहीत, तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९ हवेतच, माझी टोटल बसत होती आणि चोकाईत, म्हणजे लिसनिंगमध्ये, १७ वर अडकलो. तेव्हापासून टार्गेट फक्त पंधरा दिवसांचं. डोंबिवली ते दादर लोकलमध्ये एकच छोटी ऑडिओ क्लिप, जाताना नुसती ऐकायची, येताना स्क्रिप्ट बघत (बसायला मिळालं तर, नाहीतर परत नुसतीच ऐका). कांजी (जपानीतली चित्रलिपीसारखी अक्षरं) रोज पाचच, पण सुट्या नाही, शब्दांत. व्याकरणाचं एवढं टेन्शन नको, जपानीतलं क्रियापद शेवटी असणं आणि ‘ला’, ‘चा’, ‘त’ सारखं नामाच्या मागे चिकटणारं प्रकरण आपल्याला मराठीमुळे फुकटात मिळालंय. आणि जेएलपीटीत बोलायचा पेपरच नसतो, त्यामुळे ते वेगळं धरा, मी रविवारी दोन मिनिटं स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करतो, पहिलं रेकॉर्डिंग अजून ऐकवत नाही 😅